नकारघंटा आणि दादाच्या डोळ्यातली नळी

कारखान्यात तिला नकारघंटा म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे; पण पाठीमागे इतक्या मोठ्या आवाजात म्हणत, की तोंडावर म्हणायची वेगळी गरज उरली नव्हती. तिची हरकत नव्हती. काही लोकांना पदव्या मिळतात, काहींना टोपणनावं. कमावलेली असली म्हणजे झालं.

कारखाना म्हटलं की धुराडं आठवतं. हा तसला नव्हता. एका बेकरीच्या आणि एका छापखान्याच्या मध्ये अंग चोरून उभी असलेली दुमजली इमारत, वरच्या मजल्यावर काचेआड एक पांढरी खोली, आणि त्या खोलीत टोपी, मुखपट्टी आणि पायघोळ झगा चढवून बसलेल्या काही बायका. आत पावडर नाही, अत्तर नाही, बांगडी नाही, आणि शिंक तर नाहीच नाही. जिन्यापर्यंत पावाचा वास सोबत येई. पुढे त्यालाही मज्जाव होता.

तिथे तयार होणारी वस्तू अशी, की जमिनीवर पडली तर शोधायला सगळ्यांनी गुडघ्यांवर यावं. सिलिकॉनची एक बाकदार चकती, अंगठ्याच्या नखापेक्षा जरा मोठी, आणि तिला जोडलेली दोऱ्यासारखी बारीक पोकळ नळी. काचबिंदूच्या रोग्यांसाठी. डोळ्यात आतल्या आत पाणी तयार होत असतं आणि एका कोपऱ्यातून झिरपून जात असतं. तो कोपरा तुंबला की दाब वाढतो आणि डोळ्यामागची नस मरायला लागते. मेलेली नस परत येत नाही. पुष्कळांचं थेंबांवर भागतं, काहींचं लेझरवर, काहींचं एका ऑपरेशनवर. पण काही डोळे कोणाचंच ऐकत नाहीत. अशांच्या बुबुळाच्या कडेने आत नळी सरकवायची, चकती वरच्या पापणीखाली डोळ्यावर शिवून टाकायची, आणि पाण्याला नवी वाट करून द्यायची. ही युक्ती जुनीच. पण बाहेरून येणाऱ्या चकतीची किंमत ऐकूनच लोकांच्या डोळ्यांपुढे अंधारी येई, आणि मग काचबिंदूला करण्यासारखं फारसं उरत नसे. या इमारतीत तीच वस्तू साध्या माणसाला झेपेल अशा किमतीत होत होती.

नकारघंटेचं काम तपासणीचं. सूक्ष्मदर्शकाखाली एकेक नग धरायचा आणि त्याच्यात खोट काढायची. सिलिकॉनमध्ये हवेचा फुगा आहे का, चकतीच्या कडेला साच्याची रेघ राहिली आहे का, नळीतून पाणी सरळ धारेने येतंय का. संशय आला की ती कात्री घेई आणि नगाचे तिथेच दोन तुकडे करी. उद्या पुन्हा बघू, असं तिच्यापाशी नव्हतं. लग्नासाठी विचारायला आलेल्यांच्या बाबतीतही तिने हीच पद्धत वापरली, असं तिची वहिनी म्हणे. त्यामुळे ती अजून भावाच्याच घरी, माडीवरच्या खोलीत होती आणि मजेत होती.

सुपरवायझर बिचारा भला माणूस. त्याने तिच्यापुढे हात टेकले होते, तरी महिन्यातून एकदा ते पुन्हा उचलून बघे.

“बाई, आपण स्वस्त आहोत म्हणून आपण आहोत,” तो म्हणे. “तुम्ही असं कापत सुटलात तर आपणही महाग होऊ. मग आपला उपयोग काय?”

“खराब निघालो तर काय उपयोग?”

“अहो, पण नळीचं अगदी शेवटचं टोक! ते नियमात धरतच नाहीत. चकती चांगली, नळी चांगली, टोकाला केसाएवढी खोच आहे म्हणून तुम्ही अख्खा नग कापता?”

“टोकच तर डोळ्यात जातं ना, साहेब?”

“नियम करणाऱ्यांनी काहीतरी विचार केला असेल.”

“त्यांच्या डोळ्यात घालणार आहेत का?”

यावर सुपरवायझर नेहमीप्रमाणे खिडकीकडे बघे. खिडकीबाहेर छापखान्याची भिंत होती. तिच्याशी बोलणं त्यापेक्षा सोपं असावं.

तिचा दादा नळकाम करणारा. गावातल्या निम्म्या न्हाणीघरांची आतडी त्याला तोंडपाठ होती, आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल त्याचं मत वाईट होतं. वडील लवकर गेले तेव्हा त्याने पाना हातात घेतला, धाकट्या बहिणीला शिकवलं, आणि तेव्हापासून घरात शेवटचा शब्द आपला असतो असा त्याचा समज झाला. बायकोने तो मोडला नव्हता, कारण त्याने काही बिघडत नव्हतं.

पाइप सरळ आहे की नाही हे तो जुन्या पद्धतीने बघे: पाइप नाकासमोर धरायचा, डावा डोळा मिटायचा आणि उजव्याने धार बघायची. उभी हयात त्याने डावा डोळा मिटण्यासाठीच वापरला. एकदा भिंत फोडताना उजव्या डोळ्यात चुना गेला, म्हणून तो घट्ट मिटून त्याने डाव्याने नळ शोधायला सुरुवात केली, आणि त्याला वाटलं, वीज गेली. वीज होती. डावा डोळा कधी गेला ते त्या डोळ्याच्या मालकाला कळलंच नव्हतं. काचबिंदू असा येतो. दुखत नाही, खुपत नाही, दार वाजवत नाही.

तेव्हापासून उजव्या डोळ्यासाठी झगडा सुरू झाला. थेंब झाले. लेझर झालं. मग एक ऑपरेशन झालं आणि त्यात केलेली वाट जखम भरता भरता बुजून गेली. दाब विशीच्या आत हवा, तो तिशीच्या खाली यायला तयार नव्हता. अखेर इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, आता चकती आणि नळी. आणि कुठली बसवणार हेही सांगितलं.

त्या दिवशी दादा घरी येऊन बूट न काढता बसला.

“नाही बसवणार,” तो म्हणाला.

“अहो, का?” वहिनी म्हणाली.

“स्वस्तातली आहे.”

नकारघंटा जेवणाची ताटं मांडत होती. तिने ताट जरा जोरात ठेवलं, एवढंच.

“तुला म्हणत नाही मी,” दादा म्हणाला. “धंद्याचं बोलतोय. आयुष्यभर लोकांना काय सांगत आलो? स्वस्तातली तोटी घ्याल, तर वर्षाच्या आत मला बोलवाल. एकदाही खोटं ठरलेलं नाही. आणि आता एकच डोळा उरलाय, त्यात स्वस्तातला माल घालू? मोटारसायकल विकतो, पण बाहेरची आणा.”

“अहो, घरचं माणूस तिथे रोज डोळ्यांत तेल घालून बसतंय.”

“ते खरं. पण तोटी करणाऱ्याच्या घरीसुद्धा माणसं असतातच की.”

पिकतं तिथे विकत नाही, हे तिला माहीत होतं. पण इतकं जवळ पिकून इतकं विकत नाही, हे बघायची तिला सवय नव्हती. ती वाद घालू शकली असती; नाही घातला. उद्या काही बिघडलं तर दादा आंधळा होईल आणि आपणच गळ घातली होती हे तिला जन्मभर पुरेल, हा हिशेब तिला कळत होता. सुपरवायझरला सहज दिलेली उत्तरं इथे कामाची नव्हती.

पुढच्या भेटीला तिघंही गेली. डॉक्टरीणबाईंनी दाखवण्यासाठी ठेवलेली चकती टेबलावर काढली. नकारघंटेने सवयीने ती उजेडाकडे धरली. कड स्वच्छ होती. मग चकती कुठे बसते, नळी कुठून आत जाते हे बाईंनी समजावून सांगितलं. “आणि इथे,” त्या म्हणाल्या, “मी डोळ्याच्या मापाने नळी कापते.” आणि नीट कळावं म्हणून त्यांनी कात्री घेऊन नळी खरोखरच कापली. शेवटचा लांबलचक तुकडा टेबलावरून घरंगळून खाली गेला.

“कापलीत?” नकारघंटा म्हणाली.

“दर वेळी कापतोच. नळी लांब ठेवलेली असते ना, प्रत्येक डोळा वेगळा.”

ती खाली बघत राहिली. इतकी वर्षं ज्या टोकासाठी तिने चांगले नग कात्रीला दिले, ते टोक कोणाच्याही डोळ्यात गेलेलं नव्हतं. ते इस्पितळाच्या फरशीवर जात होतं, आणि तिथून केरात. सुपरवायझरचा चेहरा आणि छापखान्याची भिंत तिला एकदम आठवली. दुःख झालं म्हणावं, तर तोंड दाबून हसूही येत होतं. इतक्या काटेकोरपणे चुकायला माणसाला वर्षं लागतात.

दादा मात्र पुढे सरकला होता.

“तिरकी का कापली?”

“तोंड वरच्या बाजूला राहावं म्हणून. सरळ कापली तर बुबुळाचा पडदा चिकटून वाट बंद होते.”

“आणि माप आधी घेता, की आत घालून?”

“डोळ्यावर आडवी धरून. जास्त कापली गेली तर पंचाईत, म्हणून आधी थोडी लांबच ठेवते.”

“बरोबर,” दादा म्हणाला. “पाइप जागेवरच कापायचा असतो. कारखान्यातून कापून आलेला पाइप कुठल्या घराला बसलाय?” मग तो खुर्चीला टेकला. “बसवा.”

बहिणीच्या इतक्या वर्षांच्या नोकरीने जे झालं नाही, ते एका तिरक्या कापाने झालं. बाहेर आल्यावर वहिनीने हळूच विचारलं, “तुम्हाला वाईट वाटलं का हो?” ती म्हणाली, “नाही. त्याला फिटर चांगला हवा होता, तो मिळाला.” मग जरा चालून म्हणाली, “थोडं वाटलं.”

कारखान्यात बातमी पोचायला जिना चढण्याएवढा वेळ लागला. दुसऱ्या दिवशी ती जागेवर बसली तेव्हा सूक्ष्मदर्शकाच्या शेजारी एक नग वेगळा ठेवलेला होता. साच्यावर बसणाऱ्या बाईपासून नळी जोडणारीपर्यंत सगळ्यांनी मिळून तो निवडला होता. सगळ्यात देखणा. सुपरवायझरही मागे उभा होता आणि नियमाविरुद्ध वागताना भल्या माणसांचा होतो तसा त्याचा चेहरा झाला होता.

“इस्पितळाला आज माल जातोय,” तो म्हणाला. “डॉक्टरीणबाईंना एक निरोप दिला की झालं.”

तिने नग भिंगाखाली धरला. बराच वेळ बघितला. खरोखरच त्यात काही नव्हतं; कडेवरून नजर घसरत होती. एका क्षणापुरता दादाचा उजवा डोळा तिच्यासमोर आला, आणि हात नग मुठीत मिटायला निघाला होता हे ती कबूल करते.

मग तिने तो पास झालेल्या बाकीच्या नगांच्या तबकात ठेवला, आणि तबक हलकेच हलवलं. सगळे नग सरमिसळ झाले.

“अगं, हे काय?” नळी जोडणारी म्हणाली. “आता कसा शोधायचा?”

“शोधायचा नाही.”

“तुझ्याच भावासाठी होता ना?”

“हा त्याला दिला, म्हणजे बाकीचे कोणाला तरी त्याहून कमी दिले असं झालं,” ती म्हणाली. “कमी होते तर मी पास कसे केले?”

सुपरवायझरने तबक उचललं आणि ते नेताना एरवीपेक्षा जास्त सरळ चालला. दुपारी त्याच सुपरवायझरला ती म्हणाली, “नळीच्या टोकाचं तुमचं बरोबर होतं. ते मी यापुढे धरणार नाही.” त्याला पटकन बसायला काही सापडेना.

ऑपरेशन झालं. चांगलं झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कुठला नग बसला हे तिने विचारलं नाही.

खरी परीक्षा पुढे होती, आणि ती दादाच्या स्वभावाची होती. या नळीला झडप नसते. पहिल्या दिवसापासून मोकळी सोडली तर सगळं पाणी भसकन जाऊन डोळाच बसायचा. म्हणून नळीला विरघळणाऱ्या दोऱ्याची गाठ मारून ती बंद ठेवतात. पाच-सहा आठवड्यांत चकतीभोवती शरीर आपली एक पातळ पिशवी करतं, तोवर दोरा विरघळतो आणि वाट उघडते. मधल्या काळात थेंब चालू आणि दाब चढाच. हे सगळं दादाला सांगितलेलं होतं. पण बंद लाइन उघड्या डोळ्याने बघत बसणं नळकाम करणाऱ्याच्या रक्तात नाही. दर तपासणीला दाब तोच निघे, आणि दर वेळी घरी येऊन तो म्हणे, “हवा अडकलीय.”

“डोळ्यात हवा नसते हो,” वहिनी म्हणे.

“जिथे पाइप आहे तिथे हवा असते.”

एका सकाळी नकारघंटा खाली आली तेव्हा दादा बेसिनपाशी उभा होता. डोळ्यावर लावायची संरक्षक जाळी काढलेली, डोळा मिटलेला, आणि तळहाताचा गादीसारखा भाग त्याने पापणीवर टेकवलेला. पंपाने मोरी मोकळी करतात तसा तो अंदाज घेत होता, दाबावं की न दाबावं.

“हात खाली घे.”

घरात असा आवाज आजवर कोणी काढला नव्हता. दादाने वळून बघितलं, बहीणच होती.

“मी फक्त...”

“हात खाली घे म्हणते ना. तुंबलेली नाहीये ती. बंद केलीय. गाठ मारून, मुद्दाम.”

“आणि गाठ सुटलीच नाही तर?”

“तुझ्याने सुटायची नाही, शिवलेलं मात्र उसवेल. नवी टाकी बांधतोस, तेव्हा सिमेंट ओलं असताना पाणी सोडतोस का?”

“नाही सोडत.”

“मालक कितीही ओरडला तरी?”

“ओरडला तरी.”

“मग आत टाकी होतेय ती होऊ दे.” तिने बेसिनवरच्या जाळीकडे बोट केलं. “एकच आहे, दादा. तो गेला तर मी त्या खोलीत पुन्हा बसू शकणार नाही.”

दादाने जाळी उचलली आणि उलटी लावली. तिने ती सरळ केली.

“असं समजावून सांगायला काय झालं होतं त्यांना?” तो पुटपुटला.

“डॉक्टरीणबाईंनी दर वेळी सांगितलंय.”

“त्या तुझ्या वहिनीसारखं बोलतात. मी निम्मं ऐकतो.”

“निम्मं?” स्वयंपाकघरातून आवाज आला. “अगबाई, इतकं?”

त्यानंतर त्याने डोळ्याला हात लावला नाही. लावला असेल तर वहिनीने सांगितलं असतं. ती पहाऱ्यावर होती आणि तिला ते काम मनापासून आवडलं होतं.

गाठ सुटली ती एका रविवारी, चहाच्या वेळी. दादाने कप ठेवला आणि म्हणाला, “धुकं पडलंय का?” धुकं नव्हतं. डोळा ठणकत होता आणि समोरची बायको त्याला बायकोच्या आकाराची दिसत होती, चेहरा नव्हता. असं झालं तर लगेच या, असं सांगितलेलंच होतं. रिक्षात बहिणीचा हात दादाने धरून ठेवला होता, आणि ती मनात तबकातले सगळे नग एकेक करून पुन्हा तपासत होती. या खेपेला प्रत्येकात काही ना काही निघत होतं.

सुट्टीच्या दिवशी धावत आलेल्या डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला. पुन्हा मोजला.

“बारा,” त्या म्हणाल्या. “उघडली नळी. एकदम उतरलं ना, म्हणून धूसर दिसतंय, आत थोडी सूजही आहे. थेंब बदलून देते. दोन-चार दिवसांत निवळेल.”

दादाने विचारलं, “बारा म्हणजे पास?”

“उत्तम पास.”

मग बाईंनी नकारघंटेकडे बघितलं. “तुम्ही कधी बघितली आहे का? आत बसलेली?”

तिने मान हलवली. हजारो बघितल्या होत्या. बसलेली एकही नाही. बाईंनी आपली खुर्ची तिला दिली. यंत्राच्या पलीकडे दादाची हनुवटी टेकलेली, अलीकडे तिचा डोळा भिंगाला. भिंग तिच्या ओळखीचं होतं, त्यापलीकडचं काही नाही. तपकिरी पडद्यासमोर, कोपऱ्यात, काचेसारखी स्वच्छ नळी. तोंड तिरकं कापलेलं, वर वळलेलं. भोवती ना लाली, ना ओरखडा. उजेडात ते तोंड चंद्रकोरीसारखं चमकत होतं, आणि दादा श्वास घेई तसं सगळं मिळून किंचित हलत होतं. आजवर तिच्या भिंगाखालची कुठलीच वस्तू जिवंत नव्हती.

“काय गं, झोपलीस का?” दादा म्हणाला. “मान अवघडली माझी.”

“थांब जरा,” ती म्हणाली. “बघू दे.”

धूसरपणा निवळला. पुढच्या तपासणीला दाब तेराच्या आसपास होता आणि दादाला बायकोचा चेहरा दिसत होता, याबद्दल त्याने तिच्यासमोर समाधान व्यक्त केलं. नकारघंटा त्या दिवशी अर्धी रजा टाकून सोबत आली होती. औषधं घेऊन ती परतली, तर बाकावर दादाभोवती लोक जमले होते. त्याच्या शेजारी एक बाई होती. नवऱ्याला हीच चकती सांगितलेली, आणि नवरा पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसलेला.

“पण भाऊ, इतक्या कमी पैशांत मिळते,” बाई म्हणत होती. “कशी असेल कोण जाणे.”

“स्वस्त वेगळं आणि हलकं वेगळं, ताई. माझं आयुष्य गेलं या धंद्यात,” दादा म्हणाला. धंदा कुठला ते त्याने सांगितलं नाही. “थांबा, दाखवतोच.” आणि त्याने पापणी वर धरली, नाकाच्या शेंड्याकडे बघितलं, आणि चकतीवरचा तो फिकट उंचवटा सगळ्यांपुढे केला. “हात नका लावू. नुसतं बघा. त्या नवऱ्यालाही बोलवा.”

“दादा, पापणी सोड. हात तरी धुतलेस का?”

“धुतले. ही माझी बहीण,” तो पापणी न सोडता म्हणाला. “ही नाही म्हणाली तर एकसुद्धा चकती त्या कारखान्याबाहेर पडत नाही. आणि ही बहुतेक वेळा नाहीच म्हणते. आमच्या घरी विचारा.”

बाईचा नवरा उठून आला. दोघं वाकून बघायला लागले. नकारघंटेच्या तोंडाशी आणखी काहीतरी आलं होतं, जंतूंबद्दल. ते तिने गिळलं. नवऱ्याने मान इकडे केली, तिकडे केली, त्याला नीट दिसेना, कारण दिव्याच्या आड तीच उभी होती. ती एक पाऊल बाजूला सरली.